सुताचा फरक



गेल्या महिन्यात मंडळाची बैठक आमच्या घरी होती. चहा-पोहे झाले, हिशेब झाला आणि सगळे निघायच्या बेतात असताना आपल्यातल्याच एका कुटुंबातली अकरावीतली मुलगी गाडीच्या डिकीतून अ‍ॅल्युमिनियमची एक चौकट घेऊन आली. शाळेच्या रोबोटिक्स संघाच्या यंत्राचा तो सांगाडा. तिने तो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. समोरचा कोपरा टक्कन वर आला. बोट काढलं, खाली बसला.

"काका, आम्ही सगळं दोनदा मोजलं होतं. कापलंही अगदी बरोबर. वेल्डिंग मजबूत आहे, सरांनीही बघितलंय. मग हे वाकडं झालं कसं? स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीये!"

मी विचारलं, "वेल्डिंग कुठून सुरू केलंत?"

"या कोपऱ्यापासून. मग एकेक कोपरा पूर्ण करत गोल फिरलो."

मला हसूच आलं. तिला नाही, स्वतःला. कारण नेमकं हेच उत्तर मी १९८९ च्या मे महिन्यात, खासबागेत, माझ्या मामाला दिलं होतं. म्हणून या वेळचा लेख तिच्यासाठी, आणि तुमच्या घरात काहीतरी जोडण्या-जुळवण्याचं वेड असलेलं जे कोणी असेल त्या सगळ्यांसाठी.

खासबागेतलं सूत

ज्यांनी बेळगाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शहराच्या दक्षिणेला शहापूर, खासबाग आणि वडगाव हे एकमेकांना चिकटलेले भाग आहेत. हा विणकरांचा मुलूख. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंच्या घरांतून यंत्रमागांचा खटखटाट ऐकू येतो. मामाचं फॅब्रिकेशनचं दुकान अशाच एका गल्लीच्या तोंडाशी होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, आणि दारात रचलेले अँगल नि पट्ट्या. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, पाण्याच्या टाकीचे स्टँड ही त्याची नेहमीची कामं.

या गल्लीत 'सूत' या शब्दाला दोन अर्थ होते. शेजारच्या घरात सूत म्हणजे धागा. मामाच्या शेडमध्ये सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. "दोन सूत कमी कर", "अर्धं सूत चालतंय" अशीच तिथली भाषा. आणि दोन्ही घरांतली काळजीही एकच होती, ताण सारखा राहिला पाहिजे. ताण्याचे धागे एका बाजूला घट्ट आणि दुसरीकडे सैल असले तर कापडाला चुण्या पडतात. लोखंडाचंही तसंच असतं, हे मला त्या सुट्टीत कळलं.

बेळगावला लोखंडाची ओळख जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलीचं दुकान काढलं ते याच शहरात, आणि लोखंडी नांगर बनवायला सुरुवात केली तीही इथेच. पुढे १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले. त्या काळी लोखंडाचे तुकडे जोडायचे ते प्रामुख्याने रिव्हेट आणि बोल्ट वापरून, नाहीतर भट्टीत तापवून ठोकून. त्यानंतर विजेचं वेल्डिंग गल्लोगल्ली पोहोचलं. जोड पक्का झाला, काम झटपट झालं, पण एक नवी कटकट मागे लागली. थंड लोखंडात रिव्हेट मारला तर चौकट सहसा जागची हलत नाही. वेल्डिंगने हलते.

गेट हाय की पाळणा?

दहावीची परीक्षा देऊन मी सुट्टीला गेलो होतो. तीन आठवडे पोपडा झाडणं, ग्राइंडरचा गोल बदलणं आणि चहा आणणं एवढंच करून मी कंटाळलो. मामा एक दिवस माल आणायला उद्यमबागेकडे गेला. जाताना सांगून गेला, "गेटच्या सळ्या नुसत्या टॅक करून ठेव. पक्क्या करू नको."

टॅक म्हणजे तुकडा जागेवर धरून ठेवण्यापुरता वेल्डिंगचा ठिपका. शिंपी पक्की शिवण घालण्याआधी कापड टाचून घेतो ना, तसंच. पण मला वाटलं, एवढं काय त्यात? संध्याकाळी मामा आला की तयार गेट दाखवू!

दोन पल्ल्यांचं गेट होतं. प्रत्येक पल्ला पाच फूट बाय पाच फूट. चौकट दीड इंची अँगलची, आत चार-चार इंचांवर चौदा सळ्या. म्हणजे वर चौदा आणि खाली चौदा असे अठ्ठावीस जोड. मी चौकट जमिनीवर आडवी टाकली आणि डावीकडून उजवीकडे एकेक जोड पक्का करत गेलो. सगळे एकाच बाजूने. मजबुतीसाठी प्रत्येक जोडावर मसालाही सढळ हाताने ओतला.

मामा आला. काही न बोलता त्याने पल्ल्याच्या एका टोकावर पाय ठेवला. दुसरं टोक वर आलं. पट्टी लावून पाहिलं तर जमिनीपासून सहा सूत, म्हणजे पाऊण इंच.

"काय गा, हे गेट हाय की पाळणा?"

मी गप्प. गिऱ्हाईक वडगावचं होतं. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत. गेट सकाळी आठच्या आत बसवून देतो असा मामाने शब्द दिला होता. त्याच्या धंद्यात कागदपत्र फारसं नसायचं, शब्दच असायचा. नवीन अँगल आणून परत करायला ना वेळ होता, ना त्या कामात तेवढा नफा. मी घण उचलायला गेलो तर मामा ओरडला, "ठेव ते! ठोकून एक जागा सरळ होतीय आणि दहा जागा बिघडतायत."

मग त्याने पल्ला उलटा केला. फुगीर पोट वर आलं. गॅसचा टॉर्च पेटवला आणि चौकटीच्या वरच्या व खालच्या अँगलवर, जिथे फुगवटा होता तिथेच, रुपयाएवढे ठिपके मंद लाल होईपर्यंत तापवायला लागला. मी पाहत होतो. पल्ला सरळ व्हायच्या ऐवजी आणखी फुगला!

"मामा, जास्तच वाकतंय!"

"वाकू दे की. लोखंड तापताना खोटं बोलतंय, निवताना खरं बोलतंय. गप बस आणि बघ."

आम्ही बसलो. बाहेर अंधार पडला, शेजारचे माग थांबले. मामा मधून मधून पट्टी लावत होता. पाच सूत. साडेतीन. दोन. मग आणखी काही ठिपके, पुन्हा निवण्याची वाट. रात्री अकराच्या सुमारास पल्ला जमिनीला टेकला. फरक राहिला होता जेमतेम अर्ध्या सुताचा. ज्या आगीने गेट वाकवलं त्याच आगीने ते सरळ केलं होतं.

हे घडतं कसं?

इंजिनिअरिंगला गेल्यावर मला त्या रात्रीचं गणित समजलं. ते अवघड नाही.

तापल्यावर पोलाद प्रसरण पावतं. एक मीटर लांबीची पट्टी १०० अंश सेल्सियसने तापली की साधारण १.२ मिलिमीटर वाढते. सगळी पट्टी सारखी तापली आणि सारखी निवली तर ती होती तशी परत येते, वाकत नाही. वेल्डिंगमध्ये मात्र एक चिंचोळी रेघ १५०० अंशांच्या आसपास वितळते आणि वीतभर अंतरावरचं पोलाद थंडच असतं. तापलेल्या भागाला वाढायचं असतं, पण आजूबाजूचा थंड भाग त्याला जागा देत नाही. मग तो जागच्या जागी दबतो, बसका होतो. साध्या पोलादाची पट्टी दोन्ही टोकांना पक्की आवळून सुमारे १०० अंशांनी तापवली, तरी ती कायमची दबायला लागते. इथे तर तापमान त्याच्या कितीतरी पट असतं.

आता तो भाग निवतो आणि आकसतो. आधीच दबून आखूड झाल्यामुळे आता तो पहिल्यापेक्षाही कमी लांब व्हायला पाहतो आणि शेजारच्या पोलादाला आपल्याकडे खेचतो. वाकणं होतं ते या खेचण्यामुळे, म्हणजे मुख्यतः निवताना. माझे अठ्ठावीस जोड एकाच बाजूला होते. सगळ्यांनी मिळून चौकट त्या बाजूला ओढली. मामाने उलट बाजूला ठिपके तापवून तेवढीच ओढ विरुद्ध दिशेला तयार केली. तापताना गेट आणखी फुगलं तेही याच हिशेबाने, आणि निवताना सरळ झालं तेही.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या गावातले लोहार ही ओढ मुद्दाम वापरत. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करत. गोवऱ्यांच्या आगीत लाल करून चाकावर बसवत आणि वर पाणी ओतत. धाव आकसली की आरे आणि चाकाचा घेर एकमेकांत करकचून आवळले जात. खिळ्यांच्या जोरावर तशी पकड येत नाही. जी ओढ चाक घट्ट करते, तीच गेट वाकवते.

हाताची पद्धत का महत्त्वाची

त्या रात्री मामाने मला झोपू दिलं नाही. दुसरा पल्ला माझ्याकडूनच करून घेतला. त्याने सांगितलेल्या गोष्टी मी पुढे पुस्तकांत वाचल्या, पण पहिल्यांदा ऐकल्या त्या तिथे.

पहिली गोष्ट, आधी सगळे टॅक. मग दोरीने दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे असतील तरच चौकट गुण्यात आहे. नसेल तर टॅक तोडायला मिनिट लागतं, पक्का जोड तोडायला तास.

दुसरी गोष्ट, क्रम. एक कोपरा केला की लगेच शेजारचा नाही, समोरचा करायचा. सळ्या मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, एक डावीकडची, एक उजवीकडची. काही जोड एका बाजूने झाले की पल्ला उलटून तेवढेच दुसऱ्या बाजूने. एकाची ओढ दुसऱ्याने फेडायची. लांबलचक जोड असेल तर सलग ओढत जायचं नाही. वीतभर पुढे जायचं आणि तिथून मागच्या जोडाकडे यायचं, मग पुन्हा वीतभर पुढे.

तिसरी गोष्ट, मसाला लागेल तेवढाच. इथे माझी मोठी समजूत चुकली होती. कोपऱ्यात भरलेला जोड त्रिकोणी असतो. त्याची बाजू ४ मिलिमीटर असेल तर छेदाचं क्षेत्रफळ ८ चौरस मिलिमीटर होतं. बाजू ६ केली तर १८. म्हणजे बाजू दीडपट, पण वितळलेला धातू सव्वादोन पट! तेवढी जास्त उष्णता, तेवढी जास्त ओढ. जिथे ४ पुरतात तिथे ६ भरून मी मजबुती वाढवली नव्हती, वाकडेपणा वाढवला होता.

चौथी गोष्ट, हाताचा वेग. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे दर सेकंदाला मिळणारी वीज. समजा २४ व्होल्ट आणि १२० अँपिअर, म्हणजे २८८० वॅट. हात सेकंदाला ३ मिलिमीटर सरकला तर प्रत्येक मिलिमीटरला ९६० ज्यूल पडतात. ४ मिलिमीटर सरकला तर ७२०. म्हणजे पाव भाग उष्णता कमी. अर्थात घाई करून जोड कच्चा ठेवणं हा उपाय नव्हे. धातू नीट वितळून एकजीव होईल इतपत सावकाश, आणि त्याहून सावकाश नाही, हाच वेग. दुकानात ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात त्यात तार आपोआप येत राहते, रॉड बदलायला थांबावं लागत नाही. त्यामुळे हात भरभर आणि सारखा चालतो, आणि पातळ मालावर वाकडेपणा बहुधा कमी येतो.

स्टेनलेस स्टीलच्या कठड्यांची कामं मामा नेहमी जास्त वेळ घेऊन करायचा. तेव्हा मला ते उगाच वाटे. पण नेहमीचं स्टेनलेस स्टील साध्या पोलादापेक्षा सुमारे दीडपट प्रसरण पावतं आणि उष्णता पसरवतं मात्र साधारण एक तृतीयांशच. सगळी धग जोडापाशीच साठते. त्यामुळे ते जास्त वाकतं.

"मग क्लॅम्पने गच्च आवळून ठेवायचं की!" मी म्हटलं होतं. मामा म्हणाला, "आवळ. पण आवळल्याने ओढ जात नाही, आत बसतीय." क्लॅम्प लावलाच पाहिजे, त्याने वाकणं कमी होतं. पण तो सोडला की वस्तू थोडी तरी उसळते, आणि उरलेला ताण धातूत दडून राहतो. जोडाच्या अगदी जवळ तो ताण कित्येकदा पोलादाच्या सोसण्याच्या मर्यादेपर्यंत गेलेला असतो. म्हणूनच यंत्राचा पाया वेल्ड करून बनवला असेल तर अचूक कटाईच्या आधी तो भट्टीत ६०० अंशांच्या आसपास तापवून हळूहळू निववतात. नाहीतर वरचा थर कापला की आतला ताण मोकळा होतो आणि सरळ केलेली बाजू पुन्हा वाकडी होते.

गेटमध्ये राहिलेला ताण फारसं नुकसान करत नाही. जहाजात करू शकतो. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडला 'शेनेक्टडी' नावाचं नवं कोरं, वेल्ड करून बांधलेलं तेलवाहू जहाज धक्क्याला उभ्या उभ्या, शांत पाण्यात, मधोमध फाटलं. युद्धाच्या घाईत बांधलेल्या इतरही जहाजांना अशा भेगा गेल्या. सुरुवातीला सगळा दोष वेल्डिंगवर आला. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं की ते पोलाद थंडीत काचेसारखं ठिसूळ होत होतं. दोष एकट्या वेल्डिंगचा नव्हता. पण ठिसूळ पोलाद, काटकोनी कोपरे, जोडातल्या खोटी आणि आत दडलेला ताण एकत्र आले की भेगेला वाट मिळते. आणि रिव्हेटच्या जहाजात भेग पत्र्याच्या कडेला थांबायची शक्यता असते, वेल्ड केलेल्या जहाजात ती सलग पुढे धावू शकते.

टेबलावरची चौकट

हे सगळं ऐकून ती मुलगी म्हणाली, "म्हणजे काका, आम्ही पण उलट बाजूने टॉर्च मारू?"

नाही! इथे मामाचा उपाय जसाच्या तसा चालत नाही. अ‍ॅल्युमिनियम तापून लाल होत नाही, लाल दिसण्याआधीच वितळतं. त्यामुळे डोळ्यांनी अंदाज येत नाही. शिवाय तिच्या चौकटीचं अ‍ॅल्युमिनियम उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेलं होतं. वेल्डच्या आजूबाजूची त्याची ताकद आधीच बरीच उतरलेली असते, आणखी तापवलं तर आणखी उतरेल. आणि अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे चुकीच्या क्रमाची शिक्षाही मोठी.

मग आम्ही ठरवलं ते असं. दोन कोपरे कापून मोकळे करायचे. चौकट सपाट जाड पाटावर क्लॅम्पने धरायची. चारही कोपरे आधी टॅक करायचे, कर्ण मोजायचे. मग समोरासमोरचे कोपरे, प्रत्येक जोडानंतर हात लावता येईल इतकं निवू द्यायचं. शाळेच्या वर्कशॉपमध्ये, सरांच्या देखरेखीखाली, तोंडावर पूर्ण मुखवटा घालूनच. (उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग बघून रात्रभर डोळ्यांत वाळू खुपल्यासारखं मी एकदा अनुभवलंय. बटाट्याच्या चकत्या ठेवून झोप येत नाही, एवढंच सांगतो.)

"एवढं थांबत बसलो तर अख्खा दिवस जाईल," ती म्हणाली.

"जाऊ दे की," मी म्हटलं, आणि माझ्याच तोंडून मामा बोलल्यासारखं वाटलं.

दहा दिवसांनी तिचा फोटो आला. चौकट काचेच्या टेबलावर, चारही पाय खाली. एका पायाखाली वहीचं पान सरकत होतं तेवढंच. पातळ वॉशर घातला की काम झालं.

मी तो फोटो मामाला पाठवला. मामा आता ऐंशीच्या घरात आहे. हातात होल्डर धरून त्याला कैक वर्षं झाली. दुकान मामेभाऊ चालवतो. दोन्ही पल्ले अजून वडगावच्या त्या घराला आहेत. माझा कोणता आणि मामाने सरळ केलेला कोणता, हे मला आता ओळखू येत नाही. मामाला येतं. व्हिडिओ कॉलवर त्याने चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला.

"पोरीनं केलं?"

"होय मामा."

"टॅक आधी मारले की?"

"आधी मारले."

तो पुन्हा फोटो न्याहाळत राहिला. "चांगलं केलंय गा. पण त्या डाव्या पायाखाली सुताचा फरक हाय अजून, तिला सांग."

मंडळी, फरक सुताचा नव्हता, कागदाच्या जाडीचा होता. पण मी मामाशी वाद घातला नाही. तिला निरोप मात्र पोहोचवला.

तुमच्या घरी कोणी असं काही जोडत असेल, मोडत असेल, वाकडं करून पुन्हा सरळ करत असेल, तर मला जरूर कळवा. फोटोही पाठवा. भेटू पुढच्या अंकात.